आधी हवा भरा, मग हवा करा!

रविवारी सकाळी साडेसहाच्या सुमारास सिंहगड रोडला कधी उभे राहिला आहात? एकदा राहून बघा. निऑन जर्सी, शार्प गॉगल, हँडलवर चमकणारी स्क्रीन आणि टकटक आवाज करणारे शूज घातलेले सायकलवाले दहा-दहाच्या घोळक्यानं जाताना दिसतील. त्यातल्या काही सायकलींची किंमत आपल्या बाबांच्या बाइकपेक्षा जास्त असते. ते बघून चहाच्या टपरीवरच फोन काढून कार्ट भरायला सुरुवात होते. जर्सी टाक, ग्लोव्ह्ज टाक, तो जीपीएसवाला कॉम्प्युटरही टाक.

‘बाय नाऊ’ दाबण्याआधी पाच मिनिटं माझं ऐका. कारण मी नेमकं हेच केलं होतं आणि त्याची खूण आज माझ्या हनुवटीवर आहे. चार टाके.

झालं असं, की मागच्या वर्षी एका सीनिअरकडून 14 हजारांत सेकंड हँड हायब्रिड सायकल घेतली. पहिल्या दोन महिन्यांच्या स्टायपेंडमधून खरेदीही केली. जीपीएस कॉम्प्युटर 4,500, गॉगल 1,200, जर्सी 900. हेल्मेट बाबांनी घेऊन दिलं, ‘हे घातल्याशिवाय सायकल सोसायटीच्या गेटबाहेर जाणार नाही’ या अटीवर. मागचा दिवा? तो पुढच्या महिन्यात घेऊ म्हटलं. सीटखाली कंपनीचा लाल रिफ्लेक्टर होता, तोही मीच काढून टाकला होता. ‘लहान मुलांच्या सायकलसारखं’ दिसत होतं ना ते!

ऑगस्टमधली संध्याकाळ. खडकवासल्याहून परत येत होते. पावणेसात वाजले होते, रिमझिम चालू होती आणि ढगांमुळे उजेड जवळपास गेलेलाच होता. सायकल काळी, अंगात गडद निळा विंडचीटर. मागून स्कूटरचा आवाज आला आणि पुढचं मला नीट आठवत नाही. आठवतात ते स्कूटरवाले काका. माझ्यापेक्षा तेच जास्त थरथरत होते. ‘बाळा, खरं सांगतो, तू दिसलीच नाहीस,’ एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. त्यांनीच रिक्षा थांबवली, दवाखान्यात नेलं आणि माझी रूममेट येईपर्यंत बाकड्यावर बसून राहिले. मला त्यांचा राग आला नाही. त्यांच्या जागी मी असते, तरी मला मी दिसले नसते.

रूमवर आल्यावर हेल्मेट बघितलं. डाव्या बाजूला, कानाच्या वर, आरपार तडा. आणि माझ्या 4,500 रुपयांच्या कॉम्प्युटरनं आपलं काम चोख केलं होतं. ताशी 22.4 किलोमीटर आणि पुढच्या सेकंदाला शून्य. ती राइड आपोआप स्ट्राव्हावर अपलोड झाली आणि सात जणांनी कुडोजही दिले.

एक्स-रे आणि टाके मिळून जेवढा खर्च झाला, त्यात बऱ्यापैकी टेललाइट दहा तरी आल्या असत्या. त्यानंतर सायकलची ॲक्सेसरी म्हटली, की मी आधी एकच प्रश्न विचारते: ही वस्तू नसेल तर काय होईल? जर्सी नसेल तर टी-शर्ट आहे. दिवा नसेल तर..? कळलं ना.

बघायचा दिवा आणि दिसायचा दिवा

दुकानात दिवा मागितला, की समोरचा लगेच ल्युमेन सांगायला लागतो. 400, 800, 1200. ल्युमेन म्हणजे दिव्यातून एकूण किती प्रकाश बाहेर पडतो त्याचं माप. आकडा मोठा म्हणजे दिवा चांगला, असं सरळ गणित नाही. आधी ठरवा, की तुम्हाला रस्ता बघायचाय की दुसऱ्यांना दिसायचंय? कर्वे रोडसारख्या दिव्यांच्या रस्त्यावर क्लासला जायचं असेल, तर पुढे 100-200 ल्युमेन पुरतात, कारण तिथे तुम्ही ‘दिसणं’ महत्त्वाचं. पहाटे पाचला कात्रजच्या जुन्या घाटात जाणार असाल, तर खड्डा तुम्हालाच शोधायचाय. तिथे 400च्या वरचा दिवा हवा. आणि तो खाली झुकवून लावा, नाहीतर समोरून येणारा बाइकवाला आंधळा होऊन तुमच्याच अंगावर यायचा. नव्या दिव्यांमध्ये एक चांगला प्रकार आलाय. कारच्या डिपरसारखा त्यांचा प्रकाश वरून सरळ कापलेला असतो, म्हणजे सगळा उजेड रस्त्यावर आणि समोरच्याच्या डोळ्यांत काहीच नाही. हे जर्मन नियमांमुळे सुरू झालं. तिथे सायकलच्या दिव्यालाही कायद्याची चौकट आहे.

मागची लाल लाइट साधारण 300 ते 700 रुपयांत बरी मिळते. यूएसबीवर चार्ज होणारी घ्या, सेलवाली नको, कारण सेल संपतात आणि आपण ते आणत नाही. बॉक्सवर आयपीएक्स 4 लिहिलं असेल, तर पावसाचे शिंतोडे चालतात. आयपीएक्स 7 म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाली तरी चालायला हवी. मात्र दोन्हींमध्ये चार्जिंगच्या भोकावरचं रबरी झाकण नीट लावलेलं असेल तरच बरं का! माझ्या रूममेटची पहिली लाइट त्या उघड्या झाकणामुळेच गेली. लुकलुकणारा मोड लक्ष वेधतो, पण तुम्ही किती अंतरावर आहात याचा अंदाज मागच्याला स्थिर प्रकाशावरून चांगला येतो. म्हणून आता मी दोन लावते. सीटखालची स्थिर, हेल्मेटमागची छोटी लुकलुकणारी.

नव्या खेळण्यांपैकी ब्रेक ओळखणारी लाइट मला आवडली. आतल्या सेन्सरला वेग कमी झाल्याचं कळतं आणि ती क्षणभर भगभगीत पेटते. त्याहून वरची गोष्ट म्हणजे रडार. गार्मिनची ‘वारिया’ हे त्यातलं सगळ्यांत ओळखीचं नाव. मागच्या लाइटमध्येच रडार असतं आणि मागून येणारी गाडी 140 मीटरवरून कळते. हँडलवरच्या स्क्रीनवर एक ठिपका वर सरकत येतो. आता ब्रायटन, वाहू, मॅजीन अशा कंपन्याही त्यात उतरल्यात. एका ओळखीच्या दादाची रडार लाइट लावून मी मुळशी रोडला फिरून आले. रिकाम्या रस्त्यावर ती खरंच कमाल आहे, मान वळवावी लागत नाही. पण परत येताना चांदणी चौकापासून पुढे ती जी केकाटायला लागली, ती घरापर्यंत! मागे सतत गाड्याच असतील, तर ती तरी बिचारी काय सांगणार? शहरात कॉलेजला जाणाऱ्यानं दहा-वीस हजार तिच्यात घालू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

याउलट शंभरेक रुपयांची एक गोष्ट: घोट्याला बांधायचा रिफ्लेक्टिव्ह पट्टा. पेडल मारताना पाय वर-खाली होतात, तसा तो चमकतो आणि ‘हा माणूस आहे’ हे ड्रायव्हरला स्थिर पट्टीपेक्षा लवकर उमगतं. शिवाय पँटचा पायचाही चेनमध्ये अडकत नाही. आणि हो, तुमच्या सायकलवरचे रिफ्लेक्टर ‘अनकूल’ म्हणून काढले असतील, तर ड्रॉवरमधून शोधून परत लावा. मी लावलाय.

डोक्याचं डोक्यानं घ्या

आपल्याकडे सायकलला हेल्मेटची सक्ती नाही, म्हणून निम्मे जण घालत नाहीत. घालणाऱ्यांतले निम्मे मागे सरकवून, कपाळ उघडं टाकून घालतात. म्हणजे जिथे लागण्याची भीती, तीच जागा मोकळी!

सायकलच्या हेल्मेटमध्ये थर्माकोलच्या जातीचा फोम असतो. डोकं आदळतं तेव्हा तो चेंगरतो आणि धक्का स्वतःमध्ये जिरवतो. चेंगरलेला फोम परत फुगत नाही, त्यामुळे एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी बाद समजायचं. सेकंड हँड सायकल बिनधास्त घ्या, सेकंड हँड हेल्मेट घेऊ नका. ते आधी कुठे आपटलंय, हे विकणारा सांगणार नाही.

घेताना आतल्या स्टिकरवर युरोपचं ईएन 1078 किंवा अमेरिकेचं सीपीएससी प्रमाणपत्र शोधा. हजार-दीड हजाराच्या साध्या हेल्मेटमध्येही ते मिळू शकतं. हे नसेल, तर ती डोक्यावर घालायची शोभेची टोपी आहे. मोठ्या ब्रँडचं महागडं मॉडेल ऑनलाइन 900 रुपयांत दिसलं, तर नशीब उघडलं असं समजू नका. नकली हेल्मेटचा बाजार मोठा आहे.

आता सगळीकडे ‘मिप्स’ हा शब्द ऐकू येतो. हे स्वीडनमधलं तंत्र. हेल्मेटच्या आत पातळ, बहुतेकदा पिवळा असा एक सरकता थर असतो. आपण पडताना डोकं सरळ खाली आपटत नाही, तिरकं घासत जातं आणि त्यामुळे आत मेंदूला पीळ बसतो. हा थर त्या क्षणी दहा-पंधरा मिलिमीटर सरकतो आणि तो पीळ कमी करतो. चार हजारांच्या आसपास मिप्सवाली हेल्मेट सुरू होतात. बजेट असेल तर मी म्हणेन, घ्या. नसेल, तर साधं पण प्रमाणित आणि मापाचं घ्या. माप सगळ्यांत महत्त्वाचं.

मापाची परीक्षा दुकानातच करा. भुवयांच्या वर दोन बोटं, तिथे हेल्मेटची कड. कानाखाली दोन्ही पट्ट्यांचा इंग्रजी ‘व्ही’. हनुवटीच्या पट्ट्यात एक-दोन बोटं जेमतेम जातील एवढीच जागा. मागची चकती घट्ट करून, पट्टा न लावता डोकं जोरात हलवा. हेल्मेट हललं, तर पुढचं बघा. लांब केस असणाऱ्यांनी पोनीटेल बांधूनच ट्राय करावं. मागची चकती आणि रबरबँड यांचं जमतंय का, हे घरी येऊन कळण्यात अर्थ नाही. आमच्या ऑफिसातली एक जण यामुळेच हेल्मेट बदलायला दोनदा दुकानात गेली.

माझं तडा गेलेलं हेल्मेट अजून कपाटावर आहे. आई दर महिन्याला म्हणते टाकून दे, बाबा म्हणतात राहू दे.

पेन्सिलची नळी

आता माझ्या आवडीचा विषय, हवा. अपघातानंतर दिवे आले, नवं हेल्मेट आलं आणि मी स्वतःला एकदम प्रो समजायला लागले. एका रविवारी भूगावच्या पुढे मागचं चाक बसलं. पंक्चरचं दुकान समोरच! मी आनंदानं सायकल लावली. काकांनी ट्यूब काढली, पाण्यात बुडवली, बुडबुडे दाखवले, ठिगळ लावलं. मग कंप्रेसरची नळी घेतली आणि थबकले. ‘ही काय पेन्सिलची नळी आहे का?’

ते माझ्या व्हॉल्व्हबद्दल बोलत होते. ट्यूबला हवा भरायचं तोंड तीन प्रकारचं असतं. आजोबांच्या काळ्या सायकलचं जुनं डनलॉप, स्कूटर-बाइकला असतं तसं जाड श्रेडर आणि रोड बाइक व बऱ्याच हायब्रिडना असतं ते बारीक, लांब प्रेस्टा. पंक्चरवाल्याकडचा कंप्रेसर असतो स्कूटरसाठी, म्हणजे जाड तोंडाचा. माझं तोंड बारीक. पंक्चर निघालेलं, कंप्रेसर सुरू, आणि हवा काही आत जाईना. काकांनी चिंधी गुंडाळून बघितली, हातानं दाबून बघितली. शेवटी त्यांनी पैसे घ्यायलाही नकार दिला आणि मी तीन किलोमीटर सायकल ढकलत चालले.

यावर उपाय आहे नखाएवढा. पितळी ॲडॅप्टर. प्रेस्टावर फिरवून बसवायचा, की तो श्रेडर होतो. किंमत वीस रुपयांपासून शंभरपर्यंत, दुकानागणिक वेगळी. मी वर लिहिलेल्या सगळ्या वस्तूंत ही सर्वांत स्वस्त आणि कुणी सांगत नाही अशी. आत्ता उठा आणि आपल्या सायकलचा व्हॉल्व्ह बघून या. बारीक असेल, तर दोन ॲडॅप्टर मागवा. एक व्हॉल्व्हवरच लावून ठेवा, एक पाकिटात. आणि एक टिप: प्रेस्टाच्या टोकाची छोटी चक्री आधी सैल करावी लागते. ती न उघडता मी एकदा पाच मिनिटं पंप मारला होता, हे इथेच राहू द्या.

पंपाचं म्हणाल, तर फ्रेमला लावायचा हातपंप पाचशे ते दीड हजारात येतो. हल्ली मुठीत मावणारे इलेक्ट्रिक पंप आलेत. बटण दाबलं, की मिनिट-दीड मिनिटात टायर टणक. बघायला फार भारी वाटतं. कार्बन डायऑक्साइडच्या छोट्या नळकांड्याही मिळतात. 16 ग्रॅमची एक नळकांडी रोड बाइकचं एक टायर काही सेकंदांत भरते, पण ती एकदाच. नीट बसली नाही, तर ‘फुस्स’ होऊन सगळा गॅस हवेत आणि तुम्ही रस्त्यात. रेसवाल्यांना सेकंद वाचवायचे असतात, त्यांना ते ठीक. आपल्याला? हातपंपाची बॅटरी कधी संपत नाही, एवढं मला कळतं.

ट्यूबमध्येही नवं आलंय. टीपीयू नावाच्या प्लॅस्टिकच्या, गुलाबी-केशरी रंगाच्या पातळ ट्यूब. रोड बाइकची साधी रबरी ट्यूब शंभर ग्रॅमच्या वर जाते, ही चाळीसच्या आत-बाहेर. घडी घातली, की काडेपेटीएवढी. किंमत मात्र जास्त, आणि हिला नेहमीचं ठिगळ चिकटत नाही, वेगळं लागतं. भूगावच्या काकांकडे ते नसणार. म्हणून चाकात रबरी ट्यूब आणि सीटखालच्या पिशवीत स्पेअर म्हणून एक टीपीयू, असं माझं सध्याचं जुगाड आहे.

ट्यूबलेसचं फॅडही जोरात आहे. टायरमध्ये पातळ चिकासारखं सीलंट असतं, बाभळीचा काटा घुसला तर ते भोकापाशी येऊन घट्ट होतं आणि भोक बुजतं. गावाकडच्या रस्त्यांवर, ट्रेलवर फिरणाऱ्यांना याचा खरा फायदा. पण सीलंट काही महिन्यांत सुकतं, आपल्या उन्हाळ्यात तर लवकरच. ते पुन्हा भरायला हवं. शिवाय त्यासाठी रिम आणि टायर दोन्ही ट्यूबलेसला चालणारे लागतात, हे विसरून नुसतं सीलंट घेणारे महाभाग मी बघितलेत.

आणि हवा किती भरायची? अंगठ्यानं दाबून ठरवू नका. टायरच्या कडेला किमान-कमाल पीएसआय छापलेलं असतं, त्याच्या मधेच राहा. एकेकाळी रेसवाले 23 मिलिमीटरच्या बारीक टायरमध्ये दगडासारखी हवा भरायचे. आता टूर द फ्रान्समधलेही 28 आणि त्याहून रुंद टायर वापरतात. खडबडीत रस्त्यावर रुंद टायर आणि थोडी कमी हवा असेल, तर सायकल उड्या मारण्यात ताकद वाया घालवत नाही. आपल्या रस्त्यांची अवस्था बघता हे ज्ञान युरोपच्या आधी आपल्याला व्हायला हवं होतं.

पावसाळा आणि फूटपट्टी

जून ते सप्टेंबर सायकल घरात ठेवणारे असाल, तर हा भाग सोडून द्या. पण कॉलेज तेव्हाच सुरू होतं! पावसात मागच्या चाकाचा चिखल तुमच्या पाठीवर उभी रेघ काढतो आणि पहिल्या लेक्चरला वर्ग हसतो. सीटखाली अडकवायचा प्लॅस्टिकचा मडगार्ड दोन-तीनशेला मिळतो. कॅरिअर असेल, तर पूर्ण लांबीचा घ्या, मागून येणाऱ्या मित्राच्या तोंडावरही चिखल उडणार नाही.

चेनवर मात्र आपण फार अत्याचार करतो. खोबरेल तेल, शिलाई मशीनचं तेल, हाताला लागेल ते. डब्ल्यूडी-40चा निळा-पिवळा डबा सगळ्यांकडे असतो. तो गंज सोडवायला, पाणी हटवायला छान. पण चेनवर टिकणारं वंगण म्हणून नेहमीचा तो डबा पुरत नाही. चेनचं वेगळं ऑइल येतं. पावसाळ्यात ‘वेट ल्यूब’, ते चिकट असतं आणि पाण्यानं धुऊन जात नाही. उन्हाळ्यात ‘ड्राय’, त्यावर धूळ कमी बसते. प्रत्येक कडीवर एक थेंब टाका, पेडल उलटं फिरवा, आणि मग जुन्या कापडानं बाहेरचं सगळं पुसून काढा. हे पुसणंच लोक विसरतात. बाहेर राहिलेलं तेल फक्त धूळ गोळा करतं.

चेन बदलायची वेळ झाली का, हे बघायला वेगळं टूल मिळतं. पण 12 इंची फूटपट्टीही चालते. शून्य एका पिनेच्या मध्यावर धरा. तीच पहिली पिन, तर पंचविसावी पिन बरोबर 12 इंचांवर यायला हवी. ती एक-सोळांश इंच पुढे गेली असेल, तर चेन बदलायला झाली. एक-अष्टमांश गेली असेल, तर मागचे दातेही बहुतेक गेलेत, आणि मग खर्च कैक पटींनी वाढतो. मी माझ्या सेकंड हँड सायकलची चेन घेतल्यानंतर चार महिन्यांनी मोजली. आधीच मोजली असती, तर सीनिअरशी भाव वेगळा केला असता. ही ट्रिक सायकल विकत घेतानाच वापरा, पट्टी बॅगेत टाकून न्या.

गिअरबद्दल बोलायचं, तर मोठ्या बातम्या महागड्या टोकाला असतात. शिमानोनं 2009 मध्ये इलेक्ट्रॉनिक गिअर आणले, 2015 मध्ये स्रामनं वायरलेस आणले. आता बटण दाबलं, की ‘झिक्’ असा आवाज होतो आणि गिअर पडतो. आवाज ऐकून मलाही मोह होतो. पण माझी पूर्ण सायकल विकून त्यातला मागचा एक भागही येणार नाही. विद्यार्थ्यांच्या दृष्टीनं मला 2023 मधली बातमी जास्त महत्त्वाची वाटते. शिमानोनं आपल्या स्वस्त-मध्यम गटातल्या गिअरची बरीच वेगवेगळी नावं गुंडाळून ‘क्यूज’ नावाखाली आणायला सुरुवात केली. त्यांचे बरेच भाग एकमेकांना चालतात आणि दाते जाड, जास्त टिकणारे आहेत. नवी सायकल बघायला गेलात, तर हे नाव विचारून घ्या.

कॉलेजच्या पार्किंगसाठी कुलूप. बारीक केबलचं नंबर लॉक साध्या कटरनं काही सेकंदांत तुटतं, ते फक्त सज्जन माणसाला थांबवतं. यू आकाराचं लोखंडी कुलूप जड असतं, महाग असतं, तरी तेच घ्या. ते फ्रेममधून आणि खांबातून घाला. नुसत्या चाकातून घातलं, तर संध्याकाळी खांबाला फक्त चाक सापडेल. पेडलच्या सांध्याखाली बहुतेक सायकलींचा फ्रेम नंबर कोरलेला असतो. सायकल आडवी करून त्याचा आजच फोटो काढा. हरवल्यावर पोलिस चौकीत ‘काळी होती, छान होती’ एवढंच सांगता येऊ नये.

आता कपड्यांचं. जर्सीवर माझा राग नाही, मागचे तीन खिसे फार कामाचे असतात. पण आधी पॅडेड शॉर्ट्‌स घ्या. दोन तास सीटवर बसलात, की का ते कळेल. आणि मैत्रिणींनो-मित्रांनो, त्याच्या आत काही घालायचं नसतं. कोणी सांगत नाही, म्हणून छापून टाकते.

एवढं सगळं वाचून ‘नक्की काय काय घेऊ?’ असा गोंधळ झाला असेल, तर लांब पल्ल्याच्या सायकलिंगवाल्यांकडे बघा. बीआरएम हा प्रकार ऐकला असेल, फ्रान्समधून आलेला. 200 किलोमीटर साडेतेरा तासांत, 300 वीस तासांत, 400 सत्तावीस तासांत, 600 चाळीस तासांत. इथे पहिला-दुसरा नंबर नसतो, दिलेल्या वेळेत पूर्ण करायचं, बस. रस्त्यात मागे मदतीची गाडी नसते, आपलं पंक्चर आपणच काढायचं. निघण्याआधी आयोजक तुमची सायकल तपासतात. हेल्मेट आहे का, पुढचा-मागचा दिवा पेटतो का, रिफ्लेक्टिव्ह जाकीट आहे का. जर्सी कोणत्या ब्रँडची, हे कोणी विचारत नाही. पहिल्यांदा ही यादी वाचली, तेव्हा मला माझी 6,600 रुपयांची खरेदी आठवली. त्यातली एकही वस्तू या यादीत नव्हती.

कॉम्प्युटर अजून वापरते बरं का, आवडतोही. फक्त घ्यायचा क्रम उलटा झाला होता.

मागच्या रविवारी पुन्हा भूगावला गेले. पंक्चर नव्हतं, मुद्दाम थांबले. काकांना खिशातला पितळी ॲडॅप्टर दाखवला. त्यांनी तो बोटांत फिरवून बघितला, माझ्या व्हॉल्व्हला लावला, कंप्रेसरची नळी टेकवली. दोन सेकंदांत टायर टणक.

‘एवढंच होय!’ काका म्हणाले. मग म्हणाले, ‘एक ठेवून जा की इथं. दर रविवारी तुझ्यासारखे दोन-तीन जण येतात.’

दोन ठेवून आले. पान्ह्यांच्या डब्यात आहेत. त्या बाजूला गेलात आणि अडलात, तर मागून घ्या.